जुना पीसी गेम नव्या कॉम्प्युटरवर का चालतो आणि कुठे अडतो

मुंबईत नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्यांच्या घरी पहिला असेंबल केलेला पीसी आला, त्यांची गेमची यादी बहुतेक सारखीच होती. डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, रोड रॅश, नीड फॉर स्पीड. पुढे एज ऑफ एम्पायर्स, आयजीआय, व्हाइस सिटी. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार पीसी देतानाच त्यात दोन-चार गेम टाकून द्यायचा, बाकीचे मित्राच्या सीडीवरून यायचे. ते पीसी कधीच भंगारवाल्याकडे गेले. जाडजूड मॉनिटर गेले, फ्लॉपी गेली, आता नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाही नसते. त्यातले बरेचसे गेम मात्र आजही चालतात.

ही साधी गोष्ट नाही. प्लेस्टेशन २ ची डिस्क प्लेस्टेशन ४ मध्ये घातली तर ती चालत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नोकियाच्या फोनवर घेतलेला गेम आजच्या फोनवर येत नाही. आणि पीसीवर? १९९३ चा डूम, १९९८ चा हाफ-लाइफ, १९९९ चा एज ऑफ एम्पायर्स २, सगळे या ना त्या वाटेने आजच्या मशीनवर उभे राहतात. डोंबिवलीचा माझा भाचा एज ऑफ एम्पायर्स २ खेळतो. हा गेम त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे हे कळल्यावर त्याने विचारलं, “मामा, मग इतकी वर्षं याच्याकडे बघतंय कोण?”

प्रश्न अगदी नेमका आहे. जुने गेम आपोआप चालत राहत नाहीत, कोणीतरी ते चालते ठेवलेले असतात. एखादा गेम बंद पडतो तेव्हाही तो जुना झाला म्हणून पडत नाही. त्याच्या फाइलमधला एक आकडाही बदललेला नसतो. तो बाहेरच्या ज्या गोष्टींच्या भरवशावर होता, त्यातली एखादी निघून गेलेली असते. त्या गोष्टी कोणत्या आणि त्यातली कोणती किती टिकते, एवढं कळलं की जुन्या गेमचं सगळं कोडं सुटतं.

गेमची मुख्य फाइल म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची लांबलचक यादी. “हा आकडा उचल, त्यात तो मिळव, इथे ठेव,” अशा लाखो बारीक सूचना. त्या प्रोसेसरला कळल्या पाहिजेत, ही पहिली गरज. फाइल उघडणं, मेमरी मिळवणं, माउस कुठे आहे ते कळणं यासाठी गेम विंडोजकडे मागणी करतो, ही दुसरी. चित्र काढायला ग्राफिक्स कार्ड लागतं आणि त्याच्याशी ठरलेल्या बोलीत बोलावं लागतं, ही तिसरी. आणि शेवटी कंपनीने मुद्दाम घातलेल्या अटी: मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे का, कंपनीचा सर्व्हर उत्तर देतो का.

प्रोसेसर: १९७८ पासून न मोडलेला शब्द

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ चा. आज तुमच्या पीसीत इंटेल किंवा एएमडीचा जो प्रोसेसर आहे तो त्याच घराण्यातला, आणि त्याला त्या पूर्वजाच्या सूचना अजून समजतात. इतकंच नाही, बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी तो ८०८६ सारखाच जागा होतो आणि मग पटकन आजच्या अवतारात येतो. १९८५ च्या ३८६ ने ३२ बिटचं काम आणलं (बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप), पण जुनं १६ बिटचं काम टाकलं नाही. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिट आणलं तेव्हाही ३२ बिटच्या सूचना जशाच्या तशा चालू ठेवल्या.

मुंबईकराला हे लोकलवरून चटकन समजेल. आपल्या उपनगरी मार्गांवर आधी १५०० व्होल्ट डीसी वीज होती, ती बदलून २५,००० व्होल्ट एसी करायची होती. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपलं आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ मध्ये. लोकल बंद ठेवून असा बदल करता येत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर धावणाऱ्या गाड्या आणल्या, मार्गाचा एकेक तुकडा बदलत गेला आणि प्रवासी रोज कामावर जात राहिले. एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर हा असाच दोन्ही विजांवर धावणारा होता. नवं तयार, जुनं चालू.

इंटेलने त्याच सुमारास वेगळी वाट घेऊन पाहिली होती. इटॅनियम हा त्यांचा ६४ बिट प्रोसेसर, २००१ चा, अगदी नव्या सूचनांचा. जुने प्रोग्राम त्यावर चालत, पण फार हळू. लोकांनी तो घरात घेतलाच नाही आणि शेवटी इंटेलने एएमडीचीच पद्धत उचलली. जुनं चालवणं ही ग्राहकांवर केलेली मेहरबानी नव्हती, ते नसेल तर माल विकला जात नाही हे इटॅनियमने दाखवून दिलं. इंटेलने २०२३ मध्ये पुन्हा एकदा जुन्या १६ बिटच्या खुणा काढून प्रोसेसर हलका करायचा प्रस्ताव मांडला, आणि २०२४ च्या अखेरीस तोही मागे घेतला.

प्लेस्टेशनकडे पाहिलं की फरक दिसतो. दुसऱ्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर वेगळा, तिसऱ्याचा सेल नावाचा आणखी वेगळा, चौथा थेट पीसीच्या घराण्यातला. तिसऱ्या प्लेस्टेशनच्या पहिल्या मॉडेलांमध्ये जुन्या डिस्क चालाव्यात म्हणून प्लेस्टेशन २ च्या चिपच बसवल्या होत्या. पुढे खर्च वाचवायला त्या काढल्या आणि ती सोय गेली.

विंडोज: दुसऱ्याच्या चुका सांभाळणारं घर

प्रोसेसरला सूचना कळणं हे सगळ्यात सोपं. विंडोजचं काम जास्त किचकट आहे, कारण गेम लिहिणारे नियम पाळतातच असं नाही.

सिमसिटीचा किस्सा प्रोग्रामर मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. या शहर वसवायच्या गेममध्ये एक चूक होती. मेमरीचा तुकडा वापरून झाला की तो परत करायचा, आणि परत केल्यानंतर लगेच तोच तुकडा पुन्हा वाचायचा. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, त्यामुळे परत केलेल्या तुकड्याला दुसरं कोणी हात लावत नसे आणि चूक झाकली जायची. विंडोज ९५ तयार होत होतं तेव्हा चाचणीत गेम कोसळू लागला, कारण परत आलेली मेमरी विंडोज लगेच दुसऱ्याला देत होतं. चूक गेमची होती. पण घरी विंडोज ९५ घालून बघणाऱ्या माणसाने काय म्हटलं असतं? “नवं विंडोज टाकलं आणि गेम बिघडला.” म्हणून मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्येच खास तरतूद केली: चालणारा प्रोग्राम सिमसिटी आहे असं दिसलं तर परत आलेली मेमरी लगेच कोणाला द्यायची नाही.

अशा तरतुदी पुढे एक-दोन राहिल्या नाहीत. आजच्या विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामांची एक मोठी यादीच असते: अमुक फाइल उघडली तर तिला अमुक थाप मारायची. तुम्ही गेमच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीचं पान उघडता आणि विंडोज एक्सपी निवडता, तेव्हा हेच हाताने करत असता. गेमने “मी कोणत्या विंडोजवर आहे?” असं विचारलं की त्याला खोटं उत्तर मिळतं आणि तो निवांत चालू होतो. ही थाप फार कामाची आहे, कारण कितीतरी प्रोग्राम आवृत्तीचा आकडा चुकीच्या पद्धतीने तपासायचे. या भीतीपोटीच विंडोज ७ चा आतला आकडा ७ ठेवला नाही, ६.१ ठेवला.

पण सगळ्याच चुका अशा यादीत येत नाहीत. काही वीस वर्षं झोपून राहतात. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेलं विंडोज ११ चं २४एच२ अपडेट घातलं की हे विमान गेममधून नाहीसं व्हायचं. मुद्दाम मागवून त्यात बसलं, तर खेळाडू आकाशात इतक्या दूर फेकला जायचा की परत येणं अशक्य. सगळ्यांनी साहजिकच विंडोजला दोष दिला. या गेमसाठी सायलेंटपॅच नावाची दुरुस्ती वर्षानुवर्षं करणाऱ्या प्रोग्रामरने २०२५ मध्ये मुळाशी जाऊन पाहिलं, तर कारण निघालं गेममधल्याच एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये.

त्या फाइलमध्ये प्रत्येक वाहनाची एक ओळ आहे आणि ओळीच्या शेवटी चाकांच्या मापाचे आकडे आहेत. याच मालिकेतल्या आधीच्या व्हाइस सिटीत स्किमरची नोंद होडी म्हणून होती आणि होडीला चाकांचं माप लागत नाही. सॅन अँड्रियासमध्ये त्याचं विमान केलं, पण चाकांचे आकडे लिहायचे राहून गेले. गेम ती ओळ वाचताना न सापडलेल्या आकड्यांच्या जागी मेमरीच्या त्या कोपऱ्यात आधीपासून पडलेलंच काहीतरी उचलायचा. तिथे पडलेले असायचे आधीच्या ओळीतल्या व्हॅनच्या चाकांचे आकडे. म्हणजे २००५ पासून पीसीवर हे विमान शेजारच्या व्हॅनच्या मापावर उडत होतं आणि कोणाला पत्ताही नव्हता. नव्या अपडेटमध्ये विंडोजचं एक अंतर्गत काम मेमरीची थोडी जास्त जागा वापरू लागलं, तो कोपरा पुसला गेला, आणि चाकांच्या मापाच्या जागी भलताच प्रचंड आकडा आला.

विंडोजने इथे काहीही मोडलेलं नव्हतं. त्या जागेत काय उरेल याची हमी त्याने कधी दिलीच नव्हती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जुना गेम चालणं म्हणजे काय ते तिच्यात दिसतं. लिहून दिलेले नियम पाळणं हा अर्धा भाग. न लिहिलेल्या, योगायोगाने जमून गेलेल्या हजार गोष्टीही जमलेल्याच राहाव्या लागतात. आणि जिथे त्या जमत नाहीत तिथे एखादा माणूस, बऱ्याचदा पगाराशिवाय, रात्री जागून कारण शोधतो.

डॉसच्या जमान्यातले गेम

डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया या पिढीचा मामला वेगळा. हे गेम डॉसचे, १६ बिटचे. ते मध्ये कोणाला न विचारता थेट यंत्राशी बोलायचे: पडद्याच्या मेमरीत स्वतः रंग भरायचे, आवाजाच्या साउंड ब्लास्टर कार्डाला स्वतः हुकूम द्यायचे. काही तर प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ समजायचे. “हजार वेळा रिकामं फिर, म्हणजे पाव सेकंद होईल,” असा हिशेब. वेगवान मशीन आलं की तोच गेम डोळ्यांना दिसणार नाही इतका भरधाव पळायचा. जुन्या पीसीच्या डब्यावर टर्बोचं बटण असायचं ते यासाठीच. त्याचं खरं काम होतं मशीन मुद्दाम हळू करणं, म्हणजे असे गेम खेळता यावेत.

टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहायच्या साधनात केलेल्या कितीतरी प्रोग्रामांना याच कारणाने धक्का बसला. सुरू होताना ते ५५ मिलिसेकंदात किती फेऱ्या होतात ते मोजायचे आणि त्याला ५५ ने भागायचे. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले तेव्हा भागाकाराचं उत्तर ठेवलेल्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडू लागले. मशीन चांगलं झालं म्हणून प्रोग्राम बंद पडला, हे त्या वेळी कोणाला पटायचं नाही.

६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्राम चालवायची सोयच ठेवलेली नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, तिथे काही जुने प्रोग्राम चालत. २०२१ चं विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि अनेक घरांत नवं मशीन आलं, तेव्हा जुन्या सीडी चालत नसल्याच्या तक्रारींमध्ये एक मजेशीर प्रकार दिसला. गेम ३२ बिटचा, म्हणजे चालण्यासारखा, पण त्याचा सेटअप १६ बिटचा, म्हणून गेम आत येऊच शकत नाही. काही ठरावीक प्रकारचे जुने सेटअप ओळखून विंडोज त्यांच्या जागी गुपचूप ३२ बिटची आवृत्ती चालवतं, पण सगळ्यांसाठी ते जमत नाही. ज्यांनी त्या काळी गेमचा अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवला, त्यांना इथे बरंच सोपं जातं.

डॉसच्या गेमसाठी खरा आधार ठरला तो डॉसबॉक्स. २००२ मध्ये आलेला हा फुकट प्रोग्राम विंडोजच्या आत एक आख्खा जुना पीसी उभा करतो: जुना प्रोसेसर, जुनं डिस्प्ले कार्ड, साउंड ब्लास्टर, सगळं सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब केलेलं. वेगही ठरवता येतो. गेमला वाटतं आपण १९९२ मध्येच आहोत. डॉसबॉक्स मॅकवर चालतो, लिनक्सवर चालतो, म्हणून डॉसचा जुना गेम आता इंटेलच्या प्रोसेसरवरही अवलंबून राहिलेला नाही. सर्वांत जुने गेम अशा रीतीने सर्वांत सुरक्षित झाले आहेत. विंडोज ९५ ते एक्सपी या काळातल्या गेमना अशी पक्की नक्कल मिळणं कितीतरी अवघड आहे, कारण त्यांचं यंत्र फारच गुंतागुंतीचं होतं.

याहून पक्का एक मार्ग आहे, पण तो कंपनीच्या हातात असतो. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मजकूर, खुला केला आणि पुढे तो मुक्त परवान्याखाली दिला. तेव्हापासून कोणीही त्याला नव्या मशीनसाठी पुन्हा घडवू शकतो, आणि जगभर लोकांनी ते केलं आहे. क्वेकचा कोडही याच कंपनीने १९९९ मध्ये खुला केला. बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी हे कधीच केलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. विक्री कधीच थांबलेल्या गेमचा कोड कपाटात ठेवून कोणाचाच फायदा होत नाही.

चित्राची बोली

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड आलं आणि पीसीवरच्या गेमचं रूपच पालटलं. या कार्डाशी बोलायची भाषा होती ग्लाइड, फक्त त्यांचीच. नीड फॉर स्पीड २ ची स्पेशल एडिशन ग्लाइडवर चालवली की पाणी, उजेड, धूर सगळं वेगळंच दिसायचं. डिसेंबर २००० मध्ये ही कंपनी आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून थांबली आणि ग्लाइड समजणारी कार्डं बाजारातून गेली. गेम उरला, पण त्याची बोली समजणारा कोणी उरला नाही.

इथे चाहत्यांनी दुभाषे लिहिले. एनग्लाइड किंवा डीजीवूडू अशी नावं तुम्ही ऐकली असतील. यांची एखादी फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की गेम ग्लाइडमध्ये बोलतो, ती फाइल ते आजच्या कार्डाला कळेल अशा भाषेत सांगते. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स या बोलीच्या जुन्या आवृत्त्यांसाठीही हीच युक्ती चालते. एज ऑफ एम्पायर्सच्या मूळ सीडीवर विंडोज ७ च्या काळात गवत लाल आणि पाणी जांभळं दिसायचं ते अनेकांना आठवत असेल. हा गेम एका वेळी २५६ रंगांचीच पेटी वापरायचा, आणि पाठीमागे चालू असलेलं विंडोजचं एक्सप्लोरर त्या पेटीतले रंग बदलून टाकायचं. लोक टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर बंद करायचे आणि गवत पुन्हा हिरवं व्हायचं.

दुभाषाची ही कल्पना पुढे फारच मोठी झाली. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे. व्हॉल्व कंपनीने त्याच्यावर प्रोटॉन उभारलं, २०१८ मध्ये, आणि २०२२ चं स्टीम डेक हे हातातलं मशीन त्याच्याच जोरावर विंडोजचे हजारो गेम विंडोजशिवाय चालवतं. काही जुने गेम आज विंडोज ११ पेक्षा तिथे सुरळीत चालतात, हे ऐकून माझ्या भाच्याचा विश्वास बसेना.

जिथे मुद्दाम कुलूप घातलं

आतापर्यंतच्या सगळ्या अडचणींवर कोणी ना कोणी उपाय काढला. उरलेल्या दोन अडचणी वेगळ्या आहेत, कारण त्या काळाने आणलेल्या नाहीत. त्या विकणाऱ्याने घातल्या.

पहिली, सीडीचं कुलूप. सेफडिस्कसारखी पद्धत मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे का ते तपासायची, आणि त्यासाठी विंडोजच्या अगदी आतल्या भागात ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवायची. त्या ड्रायव्हरमधून व्हायरसला आत शिरता येण्याचा धोका होता. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो काढून टाकला आणि जुन्या विंडोजमध्येही अपडेट देऊन बंद केला. निर्णय बरोबरच होता. परिणाम असा की ज्या माणसाने पैसे साठवून मूळ सीडीचा डबा विकत घेतला, त्याचाच गेम अडला. फोर्टच्या फुटपाथवरून क्रॅक केलेली सीडी घेणाऱ्याचा चालला, कारण त्यातलं कुलूप आधीच तोडलेलं होतं. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा होणारी पद्धत चुकीची आहे, हे त्या काळीही अनेकजण सांगत होते.

दुसरी, सर्व्हर. दादर-ठाण्याच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्यांना आठवेल, तिथे इंटरनेट लागत नसे. दहा पीसी एका वायरीने जोडलेले, त्यातलाच एक सर्व्हर. ते आजही तसंच जोडता येतं, कारण सर्व्हर चालवायचा प्रोग्राम खेळणाऱ्याच्याच हातात दिलेला होता. एज ऑफ एम्पायर्स २ चंही तेच. (अशा वायरीच्या जोडणीची, म्हणजे लॅनची, एक बारीक अडचण आहे. त्याहून जुन्या काही गेमना आयपीएक्स नावाची पद्धत लागायची, ती विंडोज व्हिस्टापासून गेली. त्यालाही दुभाषा आहे.)

याउलट ज्या गेमनी खेळाडूंना जोडायचं काम गेमस्पाय नावाच्या सेवेवर सोडलं होतं, त्यांची ती सोय सेवा बंद झाल्यावर, म्हणजे २०१४ मध्ये, एकदम गेली. बॅटलफील्ड १९४२ आणि बॅटलफील्ड २ त्यांतले. आणि २०१४ चा द क्रू हा गाड्यांचा गेम तर एकट्याने खेळतानाही सर्व्हरला जोडावा लागायचा. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला अख्खा गेम थांबला. १९९० चा डेव्ह चालतो, २०१४ चा द क्रू कंपनीने सर्व्हर बंद करताच थांबला. वयाचा संबंध इथे कुठेच नाही.

यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करायचे तर करा, पण आधी गेम त्यांच्याशिवाय चालेल अशी काही वाट सोडा. युरोपीय संघाकडच्या त्यांच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला की डिजिटल माल विकताना तो मालकीचा नसून फक्त वापराचा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागेल. युबिसॉफ्टनेही त्याच वर्षी द क्रू २ ला ऑफलाइन खेळायची सोय देऊ असं जाहीर केलं. मला ही मागणी पूर्ण रास्त वाटते. आपल्याकडे अजून यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि गेमवर खर्च करणारी मुलं मात्र दर वर्षी वाढत आहेत.

माळ्यावरच्या सीडींचं काय

मुंबईच्या दमट हवेत सीडी अमर राहत नाहीत, तेव्हा पहिलं काम त्या उतरवून घेण्याचं. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर आजही मिळतो. सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, करून ती दोन ठिकाणी ठेवा. कायद्याची भीती बाळगू नका: आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ हे प्रोग्रामची कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप करू देतं. फुटपाथवरच्या प्रतीला ही सवलत लागू नाही. मूळ कुलूप असलेल्या डिस्कची साधी आयएसओ बऱ्याचदा पुरत नाही, हेही लक्षात असू द्या. डब्यावरचा सीरियल नंबर मात्र लगेच फोटो काढून ठेवा, तो गेला तर बाकी काही उपयोगाचं नाही.

गेम सुरू होत नसेल तर आधी कंपॅटिबिलिटीचं पान, मग डॉसचा असल्यास डॉसबॉक्स, चित्राची तक्रार असल्यास डीजीवूडू. पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवर जवळजवळ प्रत्येक गेमचं पान आहे आणि त्यावर नेमकी कोणती दुरुस्ती लागते ते लिहिलेलं असतं. सॅन अँड्रियाससारख्या गेममध्ये फ्रेमची मर्यादा चालूच ठेवा. ती काढली की पोहण्याचा वेगसुद्धा बिघडतो, कारण गेमचा हिशेब सेकंदाला तीस चित्रांच्या आसपास बांधलेला आहे.

हे सगळं करायला वेळ नसेल तर जीओजीवर बघा. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेलं हे दुकान जुने गेम नव्या विंडोजसाठी नीट करून, कुलूप काढून विकतं. सेटअपची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि नंतर इंटरनेट नसलं तरी ती चालते. नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी निवडक गेम पुढच्या मशीनवरही चालते ठेवण्याची जबाबदारी घेतली आहे. आणि भाच्याला मी दिलेलं उत्तर असं होतं: तुझ्या एज ऑफ एम्पायर्सकडे कंपनी स्वतः बघते. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन तिने काढली आणि त्यात अजून नवी भर पडते. बाकीच्या बहुतेक गेमकडे बघतात ते लोक, ज्यांनी तो गेम लहानपणी खेळला आणि मोठेपणी प्रोग्रामिंग शिकले. तो आता स्वतः पायथन शिकतोय. रोड रॅशच्या फाइलमध्ये गाड्यांचे आकडे कुठे असतात ते शोधायला त्याने मागच्या आठवड्यात सुरुवात केली आहे.